हिरवा रंग येईपर्यंत

धाकटी : मिटू नकोस! दादा, डोळा मिटू नकोस म्हणते ना! वहिनी, नळाखाली त्याचं डोकं धर. असं नाही, उजवीकडे वळव, म्हणजे भाजलेल्या डोळ्यातलं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही.

दादा : आई गं! सोड! आग होतेय, सोड मला!

धाकटी : आग होतेय म्हणूनच धरलंय. वहिनी, शर्ट काढ त्याचा, कॉलरवर उडालंय. डोक्यावरून ओढू नकोस, काप सरळ.

वहिनी : कात्री मशीनवर राहिली गं. जाऊ दे, बटणंच तोडते. पण झालं काय? मी आपली आत पडद्याला दुमड घालत बसले होते, एकदम भस्सकन आवाज आला, मला वाटलं कुकरचं झाकण उडालं.

धाकटी : सिंक तुंबलं होतं ना? सकाळी याने त्यात कॉस्टिक सोडा ओतून ठेवला. आणि आत्ता, मी समोर उभी राहून बोलतेय, तर माझ्याकडे पाठ करून त्यावर ॲसिडची बाटली उपडी केली. संडास धुवायचं ॲसिड! सगळं उकळून उलटं वर आलं.

दादा : एकाने निघेना, म्हटलं दुसऱ्याने निघेल.

धाकटी : तोंड मीट. तोंड म्हटलं मी, डोळा नाही!

वहिनी : अहो, बघा ना इकडे. मी दिसतेय का?

दादा : पाणी दिसतंय. नुसतं पाणी, आणि धुकं. धाकटे, पुरे आता, कमी झालंय. खरंच सांगतो, मघासारखी आग नाही.

धाकटी : कमी झालंय हे काही चांगलं लक्षण नाही.

दादा : घ्या. दुखलं तरी वाईट, नाही दुखलं तरी वाईट.

धाकटी : सोड्याचं असंच असतं. ॲसिड लागलं की वरचा थर शिजतो, अंड्यातला पांढरा भाग शिजतो ना, तसा. आणि बऱ्याचदा तो शिजलेला थरच त्याला पुढे जाऊ देत नाही. सोडा थांबत नाही. तो चरबीचा साबण करतो आणि आत सरकत राहतो. आतलं बधिर झालं की माणसाला वाटतं, उतरलं.

दादा : म्हणजे माझ्या डोळ्यात साबण तयार होतोय?

धाकटी : होऊ नये म्हणून तर पाणी मारतेय. हलू नकोस.

वहिनी : ॲम्ब्युलन्सला फोन केलाय मी. निघालीय म्हणाले, पण पुलाचं काम चाललंय, वळसा घालून येणार.

दादा : वळसा? अरे, गोदामामागच्या गल्लीतून काढ म्हणावं! अख्खी बस काढतो मी तिथून, यांची टीचभर गाडी निघत नाही?

धाकटी : दादा, पुन्हा बस चालवायची असेल तर मान हलवू नकोस.

दादा : असं बोलू नकोस गं.

धाकटी : मग हलू नकोस.

वहिनी : शेजारच्यांची गाडी मागू का? लगेच घालू गाडीत आणि नेऊ.

धाकटी : नेताना पाणी थांबेल. आधी धुणं, मग दवाखाना. तू माझी पर्स आण, दाराशी टाकलीय. आत एक छोटी डबी आहे, कागदाच्या पट्ट्यांची.

वहिनी : कसल्या पट्ट्या?

धाकटी : तलावाचं पाणी तपासायच्या. रोज सकाळी लोक पोहायला उतरायच्या आधी बघते ना मी, पाणी आंबट आहे की खारट... म्हणजे आम्ल आहे की अल्कली. आण लवकर.

दादा : आता मला पोहण्याचा तलाव समजून तपासणार ही.

धाकटी : तलाव बरा. निदान उलटून बोलत नाही.

वहिनी : ही घे. हीच का?

धाकटी : हीच. एक पट्टी काढ, टोक ओलं करू नकोस. मी खालची पापणी ओढते, तू टोक आत टेकव. नुसतं टेकव.

वहिनी : मला नाही जमणार गं.

धाकटी : सुईत दोरा ओवतेस ना दिवसभर? तसंच. हं. काढ. उजेडात धर.

वहिनी : निळी झाली. चांगली गडद निळी. निळं म्हणजे काय?

धाकटी : म्हणजे सोडा आहे अजून. ॲसिड असतं तर लाल आली असती. पाणी चालू ठेव.

वहिनी : हिरवी कधी होते?

धाकटी : ना हे, ना ते, असं झालं की. हिरवी यायला हवी आपल्याला.

वहिनी : मग थांब! व्हिनेगर आहे घरात. ते आंबट ना? सोड्यावर आंबट टाकलं की सोडा मरेल. आणते मी, कपाटातच आहे.

दादा : आण, आण! बरोबर बोलतेय ती. शाळेत शिकलोय मी सुद्धा. ॲसिड अधिक अल्कली, बरोबर मीठ अधिक पाणी. शेवटी मीठ आणि पाणीच ना? तेवढं होऊ दे, म्हणजे सुटलो.

धाकटी : खबरदार, वहिनी. ती बाटली इकडे आणायची नाही.

वहिनी : अगं पण...

धाकटी : मीठ आणि पाणी होतं, बरोबर आहे. पण होता होता जी उष्णता निघते, तिचं काय? पाईपात तेच झालं ना आत्ता? त्यातूनही मीठ आणि पाणीच निघालं. जेवणात घालतो तेच मीठ! पण निघेपर्यंत सगळं उकळलं. तोच खेळ आता याच्या डोळ्यात खेळू?

दादा : शाळेत उष्णतेचं सांगितलं नव्हतं.

धाकटी : सांगितलं असेल. तू खिडकीबाहेर बघत असशील.

वहिनी : बरं, मग नुसतं पाणीच?

धाकटी : नुसतं पाणी. भरपूर. पाणी भांडत नाही, घेऊन जातं. आणि हे बघ, स्वयंपाकघरातून जाऊ नकोस, जमिनीवर सांडलंय. तिकडचं दार ओढून घे. आई उठली असेल एव्हाना, ती अनवाणीच येईल बाहेर.

वहिनी : आई नाही येणार.

धाकटी : एवढा आवाज झाला, येईलच ती.

वहिनी : नाही येणार गं. कडी आहे.

धाकटी : बरं केलंस. ही गडबड होईपर्यंत राहू दे.

वहिनी : मी आत्ता नाही लावली. लावलेलीच होती.

धाकटी : म्हणजे?

दादा : पाणी कमी का झालं? धाकटे, पाणी बाजूला जातंय.

धाकटी : मी आले तेव्हा तू म्हणालास, झोपलीय. दादा, तू म्हणालास, आत्ताच डोळा लागलाय, उठवू नकोस. तेव्हा बाहेरून कडी होती?

दादा : आत्ता हे बोलायचं आहे का? माझा डोळा जातोय इथे!

धाकटी : तुझा डोळा मी धरलाय. सोडणार नाही. कडी होती का, तेवढं सांग.

वहिनी : रोज असते, दोघं घरात असलो तरी. हे ड्युटीवर जातात तेव्हा लावून जातात. मी कापड आणायला बाहेर पडले तर मी लावते. दोन महिने झाले असतील. गॅसची बटणंही काढून ठेवलीत यांनी, चहा करायचा तर माझ्याकडे मागावी लागतात.

धाकटी : आई फोनवर मला नुसतं म्हणाली, मला तुझ्याकडे घेऊन चल. मी विचारलं, का गं, काही झालं का? तर म्हणे, काही नाही, समुद्र बघायचाय. मला वाटलं, मी समुद्राच्या पाण्याच्या कारखान्यात लागतेय म्हणून हिला हौस आलीय.

दादा : हौसच आहे ती.

धाकटी : हलू नकोस!

दादा : तू दाबतेयस! कपाळ दाबतेयस माझं!

वहिनी : धाकटे, हळू. हात बघ तुझा.

धाकटी : बघतेय. ठीक आहे. ठीक आहे हात. दादा, वर बघ. आता खाली. आता नाकाकडे. पापणीच्या आत एखादा कण राहिला असला तर तो निघायला हवा. मला इतका राग आलाय की... वर बघ म्हटलं ना!

दादा : बघतोय की! तूच सांग, असं कुणी डोकं धरून बसलं तर माणसाने बघायचं कसं?

वहिनी : अगंबाई! धार बारीक झाली.

धाकटी : नळ पूर्ण सोड.

वहिनी : पूर्णच आहे. गेलं. टाकीतलं पाणी गेलं! मघापासून सोडलंय ना आपण, वरची टाकी संपली.

धाकटी : बादली?

वहिनी : धुण्याची आहे, साबणाची.

धाकटी : नको! पिण्याचं कुठे भरतेस?

वहिनी : स्वयंपाकघरात. तिथे तर सांडलंय सगळं.

दादा : पुन्हा जळायला लागलं. धाकटे, पुन्हा लागलं जळायला!

धाकटी : वहिनी, चप्पल घालून खाली जा, पंप लावायला सांग. पळ. आणि जाता जाता, ऐक, आईच्या खोलीत पाणी असतं ना उशाशी?

वहिनी : मोठा जग असतो.

धाकटी : कडी काढ आणि तिला म्हणावं, जग घेऊन न्हाणीघरात ये. स्वयंपाकघराकडे नाही, इकडे.

दादा : तिला नको. अगं, ती पडेल, ओल्या फरशीवरून पाय सरकेल तिचा. धाकटे, तिला बोलावू नकोस!

धाकटी : तर मग कुणाला बोलावू? तुझा डोळा धरून मीच जाऊ का पाणी आणायला?

दादा : उगीच घाबरेल ती. मला असं बघून...

धाकटी : आली बघ. आई, ये. सावकाश. भिंतीला धरून. काही नाही झालं, याच्या डोळ्यात जरा उडालंय. मी पापण्या धरते दोन्ही, तू ओत. नाकाकडून कानाकडे. बारीक धार. हं, अश्शी. अश्शीच.

दादा : आई...

धाकटी : बोलू नकोस, पाणी तोंडात जातंय.

दादा : काय म्हणतेय ती? ऐकू येत नाही.

धाकटी : म्हणतेय, डोळा मोठा कर.

दादा : करतोय गं आई. आणखी किती मोठा करू?

धाकटी : म्हणतेय, लहानपणीही असाच रडायचास. शिकेकाई डोळ्यात गेली की घर डोक्यावर घ्यायचास.

दादा : तिला म्हणावं, दमशील, जरा खाली ठेव जग.

धाकटी : तूच म्हण. इथेच आहे ती, पुढ्यात तुझ्या. तिचा हात जराही हलत नाहीये, दादा. माझ्यापेक्षा बरा आहे. रडतोयस का?

दादा : डोळ्यातून पाणी येणार नाही तर काय येणार? बादलीभर ओतलंयत तुम्ही.

वहिनी : लावला! पंप लावला, आता येईलच वर. आई, द्या तो जग माझ्याकडे, दमलात तुम्ही. नाही? बरं, ओता. मी आपली तुमच्या मागे उभी राहते.

धाकटी : आलं बघ नळाला. बास आई, आता नळाखाली धरते. तू त्या स्टुलावर बस. वहिनी, दुसरी पट्टी.

वहिनी : ही टेकवली. ही घे.

धाकटी : दाखव. उजेडात... हिरवट आहे ना? का मलाच तसं वाटतंय?

वहिनी : मला हिरवीच दिसतेय. थोडी निळ्याकडे झुकणारी.

धाकटी : नुसत्या नजरेचं खरं नाही. चांगल्या डोळ्याची कशी येते ते बघू. इकडे ये, तुझे डोळे भरलेत ना? तुझ्या डोळ्याला लाव एक.

वहिनी : माझ्या?

धाकटी : चांगल्या डोळ्याचं पाणी कसं असतं ते कळेल. शेजारी शेजारी धर आता दोन्ही.

वहिनी : सारख्याच आहेत! जवळजवळ सारख्या. अहो, सारख्याच आहेत दोन्ही!

दादा : मग उठू?

धाकटी : नाही. थोडं थांबून पुन्हा बघायचं. आत मुरलेला सोडा सावकाश बाहेर येतो. वरचं धुतलं गेलं म्हणून आतलं गेलं असं नाही.

दादा : किती थांबायचं?

धाकटी : पाच-सात मिनिटं. बस असाच, भिंतीला टेकून. डोळा चोळू नकोस. हात खाली!

दादा : हात बांधून ठेव हवं तर.

धाकटी : मला कुणाला बांधून ठेवायची सवय नाही.

वहिनी : धाकटे, आई बसल्यात इथे.

धाकटी : असू दे बसलेली. तिच्याबद्दल तिच्यामागे खूप झालं बोलून. दादा, का लावलीस कडी?

दादा : तिला विचार.

धाकटी : तुला विचारतेय.

दादा : तिला आठवत नसेल. दोन महिन्यांपूर्वी बाजाराच्या चौकातून बस वळवली मी. भर दुपार, गाडी खच्चून भरलेली. वळलो, तर समोर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी. हलेना. मी असा ब्रेक मारला की मागचे सगळे पुढे आले. माझ्या काचेपासून हातभर अंतरावर होती. आणि काचेतून मी बघतो तर... ही.

वहिनी : अगं बाई!

दादा : लोक ओरडतायत, कुठून येतात ही म्हातारी माणसं, घरचे लक्ष देत नाहीत का. मी उतरलो. म्हटलं, आई, इथे कुठे? तर मला म्हणते, किती उशीर केलास, केव्हाची उभी आहे मी. हाताला धरून गाडीत बसवली, माझ्या मागच्या सीटवर. अख्खी फेरी मारून आणली. उतरताना खूश होती. संध्याकाळी कडी आणली आणि ठोकली.

वहिनी : मला का नाही सांगितलंत? मी आपली रोज लावतेय. तुम्ही म्हणालात लाव, मी लावली. दारावर आतून थाप पडली की मी मशीन जोरात चालवते, म्हणजे ऐकू येऊ नये. आणि मला कारण सुद्धा माहीत नाही!

दादा : सांगितलं असतं तर रोज दिसलं असतं तुला. मला दिसतं तसं.

धाकटी : आणि मला? मला तरी सांगायचंस.

दादा : तू काय केलं असतंस?

धाकटी : घेऊन गेले असते तिला.

दादा : म्हणूनच नाही सांगितलं.

वहिनी : ...वेळ झाली का गं? पट्टी?

धाकटी : हो. आण. दादा, वर बघ.

वहिनी : टेकवली. अरे देवा.

दादा : काय? काय आली?

वहिनी : निळी. पुन्हा निळी आली.

दादा : मघाशी हिरवी होती ना! खोट्या आहेत तुझ्या पट्ट्या!

धाकटी : पट्ट्या खऱ्याच आहेत. आत होतं ते बाहेर आलंय. चांगलं झालं आलं ते. चल, पुन्हा नळाखाली.

दादा : नाही. बास. माझी मान मोडली, अंग गारठलंय, जे होईल ते होऊ दे. मी नाही पुन्हा...

धाकटी : दादा!

दादा : नाही म्हटलं ना!

वहिनी : अहो, आई उठल्या. आई, राहू द्या, आम्ही करतो. धाकटे, बघ, त्या स्वतःच नळ सोडतायत.

धाकटी : चल, वाक. ती उभी आहे.

दादा : ...आई, तू बस. वाकतो मी. हा बघ, वाकलो.

वहिनी : हॉर्न वाजला का खाली? आली वाटतं गाडी. मी वर घेऊन येते त्यांना.

धाकटी : त्यांना आधीच सांग, सोडा आहे म्हणावं, ॲसिड नाही. सलाईनची पिशवी वरच घेऊन या म्हणावं. गाडीतही धार थांबायला नको.

(नंतर. डोळ्यांच्या दवाखान्याचा व्हरांडा. दादाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी. दूरच्या बाकावर वहिनी आणि आई.)

दादा : डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाले?

धाकटी : तुझ्यासमोर म्हणाले तेच.

दादा : माझ्यासमोर मला कळेल असं बोलले. तुला तुमच्या भाषेत सांगितलं असेल.

धाकटी : बुबुळावरचा काचेसारखा पडदा खालच्या बाजूला भाजलाय. धूसर झालाय. पण कडेच्या बारीक रक्तवाहिन्या शाबूत आहेत, त्यामुळे तो भरून येईल असं त्यांना वाटतं. वाटतं म्हणाले, नक्की म्हणाले नाहीत. इथेही त्यांनी डोळा बराच वेळ धुतला. शेवटच्या दोन्ही पट्ट्या हिरव्या आल्या.

दादा : आणि बस?

धाकटी : काही आठवडे तर नाहीच. मग तपासून ठरवतील.

दादा : म्हणजे डेपोत बसवतील मला. तिकिटांचे गठ्ठे मोजायला.

धाकटी : बसवतील काही दिवस.

दादा : तू लवकर नळाखाली घातलंस म्हणून एवढ्यावर निभावलं, असं म्हणत होते ते.

धाकटी : पाणी होतं म्हणून निभावलं. आणि मी ओट्याशी तुझ्याशी भांडत उभी नसते, तर तू ती बाटली अशी एका दमात उपडी केली नसतीस. तोही हिशोब आहे.

दादा : मला ऐकायचं नव्हतं म्हणून ओतली. तुझा आवाज येऊ नये म्हणून.

धाकटी : आला का?

दादा : आला की. घेऊन जाते म्हणालीस, तेवढंच ऐकू आलं. तिकडे राहायचं कुठे?

धाकटी : कारखान्याच्याच वसाहतीत. दोन खोल्या आहेत. खिडक्यांना गज आहेत, दाराला साधं कुलूप. समुद्राचं पाणी उपसून, त्यातलं मीठ वेगळं काढून गावाला पाजायचं, असं काम आहे आमचं. पाळ्यांमध्ये.

दादा : पाळ्यांमध्ये. म्हणजे तू रात्रपाळीला असशील तेव्हा?

धाकटी : शेजारी एक बाई आहेत. नवरा माझ्याच कारखान्यात आहे. बोललेय मी त्यांच्याशी.

दादा : आणि ती चालत सुटली तर? तिथे रस्ता नाही, समुद्र आहे. समुद्राला ब्रेक नसतो, धाकटे.

धाकटी : माहीत आहे.

दादा : मग काय करशील?

धाकटी : सुटली तर मागून जाईन. घरी असले तर. नसले तर... मला माहीत नाही, दादा. मी खोटं सांगणार नाही. रोज तिला थोडं घेऊन जाईन पाण्यापर्यंत. म्हणजे एकटीने जावंसं वाटणार नाही, असं मला वाटतं. चुकतही असेन.

दादा : तुझ्याकडे त्याची पट्टी नाही.

धाकटी : नाही.

दादा : ती काय करतेय तिकडे? मला एवढ्या लांबचं नीट दिसत नाही या एका डोळ्याने.

धाकटी : वहिनीशी बोलतेय. वहिनीचा पदर उलटा करून बघतेय, शिवण कशी घातली ते.

दादा : मग खुशीत आहे. तिचं मन लागलं नाही तर परत आणशील?

धाकटी : आणेन. आणि लागलं तर तू येशील भेटायला?

दादा : सुट्टीच आहे मला आता. तुम्ही निघता कधी?

धाकटी : पुढच्या आठवड्यात. तू म्हणशील तर तुझी पट्टी निघेपर्यंत थांबते.

दादा : नको. कामावर पहिल्याच दिवशी उशीर बरा दिसत नाही. बसनेच जाणार ना?

धाकटी : बसनेच.

दादा : सकाळची घ्या. दुपारची मधल्या थांब्यावर फार वेळ उभी राहते, तिला उकडेल. पुढच्या चाकावरची सीट नको, हादरे बसतात. आणि डावीकडे खिडकीशी बसव तिला. घाट उतरला की समुद्र डावीकडून येतो.